राशी क्रमांक चौदा ते बावीस

बेनी मेल्लाल, ४ मे १९९७

दद्दा बस्सू,

सलाम. मी ठीक आहे. खोलीच्या खिडकीला काच बसली, एवढं इम्माला सांग, ती विचारत असेल.

नकाशा बुधवारच्या ट्रकवाल्या मोहाकडे दिला आहे, घडी न घालता, नळकांड्यात. त्यावर बसू नकोस असं त्याला दोनदा सांगितलं आहे. तुझ्या तीन दिवसांच्या सहलीचा रस्ता लाल रेषेने काढला आहे. पहिला दिवस अक्रोडांच्या ओढ्याने आपल्या गावापर्यंत, अकरा किलोमीटर चारशे मीटर. दुसरा दिवस खिंड चढून तामदाच्या कुरणापर्यंत, नऊ किलोमीटर, पण चढ अकराशे सत्तर मीटर. तिसरा दिवस घळीतून उतरून जुन्या धान्यकोठारावरून बाजारगावी, सोळा. तू पाहुण्यांना दुसरा दिवस सोपा म्हणून सांगतोस. तो सोपा नाही. पुस्तिकेत तसं छापू नकोस.

अगदालची, म्हणजे बंद कुरणाची, हद्द तुटक रेषेने दाखवली आहे. एप्रिलमध्ये तू पुढे चालत दगडांच्या बावीस राशी दाखवल्यास आणि मी प्रत्येकीचं माप घेतलं. त्यात एक शंका आहे. चौदाव्या राशीपासून बाविसाव्यापर्यंत हद्द झऱ्याच्या वरून जाते. म्हणजे झरा कुरणाबाहेर पडतो. माझ्या आठवणीत झरा आत होता. तू म्हणालास, मी रबातला शिकायला गेले त्या वर्षी जमाअने, गावच्या सभेने, बसून हद्द वर सरकवली. तसं असेल. पण मला एका ओळीत लिहून कळव: कोणत्या महिन्यात, कोणाकोणासमोर.

तुदा


ऐत उलमू, २२ मे १९९७

तुदे, माझ्या इंजिनियरबाई,

सलाम आणि इम्माचे आशीर्वाद. ती म्हणते, काच बसली ते बरं, आता खिडकी उघडी टाकून झोपू नकोस.

नकाशा पोचला. मोहा त्यावर बसला नव्हता, त्याचा बोकड बसला होता, पण नळकांडं पक्कं निघालं. मराकेशच्या सहल कंपनीवाल्याने नकाशा पाहिला. म्हणाला, बस्सू, बाकीचे वाटाडे मला हातवारे करून रस्ता सांगतात. पुस्तिका छापून आली. मधल्या पानावर तुझा नकाशा आणि खाली तुझं नाव.

पहिली सहल पार पडली. आठ फ्रेंच माणसं. त्यांतला एक म्हातारा दंतवैद्य होता, तो गावभर लोकांच्या तोंडात डोकावत फिरला. झायदकाकाने त्याला जबडा उघडून दाखवला आणि विचारलं, "काय, खेचर विकत घ्यायचंय का?" इम्माने बायकांना रोट्या थापायला बसवलं. एकीची रोटी बघून ती मला आपल्या भाषेत म्हणाली, "यांच्या देशात रोटी नसते का रे, की इथे शिकायला यावं लागतं?" मी भाषांतर केलं की आई म्हणते, तुमच्या हाताला गुण आहे. सगळ्या खूश.

दुसऱ्या दिवशी खिंडीत तिघांचा दम निघाला (बरं बाई, तुझं खरं). वरून तामदाचं हिरवंगार कुरण दिसलं तेव्हा मात्र सगळ्यांनी कॅमेरे काढले. मी त्यांना सांगितलं, वीस जुलैपर्यंत इथे एक मेंढी पाय ठेवत नाही. कुंपण नाही, पोलीस नाही. आमच्याकडे शब्द हेच कुंपण. त्यातल्या एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री तंबू झऱ्यावर टाकले. तंबूला पाणी जवळ लागतं, खाली ओढ्यापर्यंत पाहुण्यांना कोण नेणार?

कुरणाचा राखणदार हद्दू वर खडकावर बसून बघत होता. मी त्याला पुस्तिका दिली, म्हटलं, बघ काका, झरा रेषेबाहेर आहे, आमच्या तुदाने मोजलंय. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली, खिशात घातली आणि निघून गेला. म्हातारा झालाय.

इम्माच्या मेंढ्या एकतीस झाल्या. सगळ्या वीस जुलैची वाट बघताहेत, आणि तीही.

तुझा दद्दा, बस्सू


बेनी मेल्लाल, १ जून १९९७

दद्दा,

पत्र मिळालं. तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाहीस.

प्रश्न पुन्हा लिहिते: हद्द कोणत्या महिन्यात सरकली, कोणासमोर.

आणखी एक. तंबू झऱ्यावर होते तेव्हा सामानाची खेचरं किती होती, आणि ती रात्रभर काय खात होती?

तुदा


ऐत उलमू, २३ जून १९९७

तुदे,

या वेळी विनोद नाही.

गेल्या सोमवारी ऐत इझ्झाचे लोक खिंडीपलीकडून मेंढ्या घेऊन तामदावर उतरले. चारशे तरी असतील. झऱ्याभोवती बसवल्या. आपली माणसं काठ्या घेऊन धावली. त्यांचा म्होरक्या ऊ-सईद जागचा हललाही नाही. त्याने खिशातून आपल्या सहलीची पुस्तिका काढली. पाहुण्यांपैकी कोणीतरी ती बाजारात विसरलं असणार. म्हणाला, "भांडता कशाला? अगदालच्या आतलं ते तुमच्या शब्दात, तिथे आम्ही पाऊल टाकत नाही, आमच्या आज्यानेही टाकलं नाही. अगदालबाहेरचा डोंगर दोघांचा. आणि बाहेर काय, आत काय, ते तुमच्याच पोरीने लिहून दिलंय. तुम्हीच त्या झऱ्यावर तंबू ठोकलेत. आमच्या मेंढ्या तुमच्या फ्रेंचांपेक्षा कमी खातात."

आपल्या माणसांनी काठ्या खाली घेतल्या. चारशे मेंढ्या, तुदे. झऱ्याचं गवत म्हणजे निम्मं कुरण, आणि पाणी तर तेवढंच. वीस जुलैला आपली जनावरं वर जातील तेव्हा खायला काय, खडक?

रात्री जमाअ बसली. मी सगळं लिहीत नाही. म्हणाले, पोरीला शहरात पाठवली, ती काचेतून दगड बघायला शिकली, पायाखालची माती विसरली. हद्दू माझ्याकडे बघत होता. आता प्रकरण सरकारी अधिकाऱ्याकडे, काइदकडे गेलंय, सोळा जुलैला सुनावणी. काइद म्हणतो, कागदाला कागदानेच उत्तर द्या. ज्याने नकाशा काढला त्याने चुकला असं लिहून दिलं, तर झरा अगदालमध्ये धरून मी ऐत इझ्झाला हटवतो.

म्हणजे तुझ्या एका पत्राचा प्रश्न आहे. मसुदा असा: "मी, तुदा ऊ-हम्मू, भूमापक, कबूल करते की तामदाच्या कुरणाची हद्द दाखवताना माझ्याकडून चूक झाली." एवढंच. कोणी तुला दोष देणार नाही. पोर आहे, चुकली, म्हणतील आणि विसरतील.

उशीर करू नकोस. गवत थांबत नाही.

बस्सू


बेनी मेल्लाल, ३० जून १९९७

दद्दा,

माझी चूक झालेली नाही. तू दाखवलंस ते मी मोजलं, आणि बरोबर मोजलं.

सोबत मोजणीच्या तक्त्याची नक्कल आहे. अस्सल आमच्या कचेरीत आहे. त्यात एक रकाना आहे: "हद्द कोणी दाखवली". बाविसाच्या बावीस ओळींत तुझं नाव आहे, आणि तळाशी तुझी सही. थंडी होती म्हणून ती वाकडी आली आहे, पण ओळखू येते.

आणखी एका रकान्याकडे बघ. राशीच्या दगडांची स्थिती मी नोंदते, ती सवय आहे. एक ते तेरा: "जुनी, वरच्या बाजूला दगडफूल, मुळाशी गवत". चौदा ते बावीस: "दगडफूल नाही, काही दगडांच्या वरच्या अंगाला ओली माती". जो दगड वर्षानुवर्षं डोंगरावर पडून आहे त्याची माती खाली असते, वर नसते. हे मी माझ्या हाताने लिहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. जमाअने चार वर्षांपूर्वी हद्द सरकवली असती तर त्या राशी चार वर्षांच्या असत्या. त्या चार दिवसांच्याही नव्हत्या.

तुला तंबूसाठी झरा बाहेर हवा होता. मे महिन्यात अगदालमध्ये तंबू टाकला असता तर जमाअने तुला गावाबाहेर काढलं असतं. म्हणून झरा नाही, हद्द हलवलीस, आणि ती हलवायला माझं नाव वापरलंस.

माझ्या भूमापनाच्या सनदेला साहेबांच्या हाताखालची दोन वर्षं लागतात. ती सप्टेंबरात पुरी होतात. हद्दीच्या कामात चूक झाली असं मी सरकारला लिहून दिलं, तर सनद मिळणार नाही. आमच्या कचेरीत फिरतीवर जाणारी बाई मी एकटी आहे.

तू जमाअपुढे जा आणि सांग, राशी तू रचल्यास. नऊ जुलैपर्यंत तुझं उत्तर आलं नाही, तर मी अस्सल तक्ता काइदकडे पाठवीन.

तुदा


ऐत उलमू, ७ जुलै १९९७

(इम्माच्या सांगण्यावरून शाळामास्तर लिहितो.)

माझ्या पोरी तुदा,

मास्तर चांगला माणूस आहे, अक्षर चांगलं आहे, पण ते त्याचं आहे, माझं नाही. म्हणून जेवढं त्याच्यासमोर बोलता येतं तेवढंच बोलते. बाकीचं तू समज. लहानपणी तुला अर्ध्यावर सांगितलेलं पुरत असे.

तू एप्रिलमध्ये यायच्या आधी दोन दिवस बस्सू खेचर घेऊन वर गेला होता. संध्याकाळी आला तेव्हा दोन्ही तळव्यांची सालं निघालेली होती. मी लोणी लावलं. काय उचललंस, असं मी विचारलं नाही. मुलाला सगळंच विचारायचं नसतं. तू आलीस, तुला चहा केला, तुझ्या पेट्या उतरवून घेतल्या, दोघं वर निघालात तेव्हा छपरावरून बघत राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं, असं तू म्हणशील. म्हण.

आता ऐक. झायदकाकाच्या भावाने तुझ्या आज्याच्या वेळी अगदाल मोडला होता, एका रात्रीसाठी, आजारी गाईला चारायला. त्याच्या दाराशी कोणी सलाम केला नाही. चूल विझली तर कोणी निखारा दिला नाही. त्याची बायको मेली तेव्हा कबर त्याने एकट्याने खणली. शेवटी तो कासाब्लांकाला गेला, तो तिथेच मेला म्हणतात. बस्सूला तीन मुलं आहेत. त्याला दुसरी कोणती वाट येत नाही, हे डोंगर सोडून.

तुझं काय? तू राहतेस तिथे तुला कोणाची पोर म्हणून कोणी ओळखत नाही. तिथे तुला सलाम करायचं थांबवणार कोण? सनदेचं मास्तराने मला समजावलं. एक वर्ष उशिराने मिळेल, दोन वर्षं उशिराने. गावाची सनद एकदा गेली की मिळत नाही.

माझ्या एकतीस मेंढ्या दावणीला बांधून पाला खाताहेत. काल एकीने दाव्याची दोरी चावली.

तो माझ्याजवळ राहतो आणि तू लांब. म्हणून तुझ्याकडे मागते. जवळच्याकडे मागायला काही उरलेलं नाही.

तुझी इम्मा


बेनी मेल्लाल, ११ जुलै १९९७

इम्मा,

मास्तर हे तुला वाचून दाखवतील. त्यांना माझा सलाम.

पत्र मिळालं. लोणी लावलंस ते बरं केलंस.

काइदसाहेबांना आज लिहिलं आहे. सुनावणीआधी पोचेल. दद्दाला सांग, मी तक्ता पाठवला नाही.

मेंढ्यांना पाल्यात अक्रोडाची पानं घालू नकोस.

तुदा


ऐत उलमू, १५ ऑगस्ट १९९७

तुदे,

लिहायला वेळ लावला. आधी बातमी.

काइदने तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. झरा अगदालमध्ये धरला. ऊ-सईद म्हणाला, पोरीने चूक कबूल केली, मग आम्हीही शब्द पाळतो, आणि दोन दिवसांत मेंढ्या खिंडीपलीकडे नेल्या. निघताना मला म्हणाला, "तुझ्या बहिणीच्या जागी मी असतो तर तुला झऱ्यात बुडवला असता." तो का म्हणाला कोण जाणे. त्याला काही कळलंय असं वाटत नाही. त्याची बोलायची पद्धतच तशी.

वीस जुलैला अगदाल उघडला. दरवर्षीसारखे ढोल वाजले, पण वर गेल्यावर वाजवणारे थांबले. झऱ्याच्या भोवती गवत मुळापर्यंत खाल्लेलं होतं, माती दिसत होती. लोकांनी निम्मी जनावरं परत खाली आणली. इम्माने नऊ मेंढ्या विकल्या, ज्या उरल्या त्यांना पोसायचं म्हणून. रडली नाही. नावं घेऊन एकेक दोरी दिली घेणाऱ्याच्या हातात.

जमाअने ठरवलं, यापुढे तामदावर कागद आणि मोजायची यंत्रं न्यायची नाहीत. बोलता बोलता लोक हसले, म्हणाले, बस्सूची बहीण चष्म्याने गवत मोजते. मीही हसलो. न हसून कसं चाललं असतं? तुला हे दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

सहल चालू आहे. तंबू आता खाली ओढ्याशी. पाहुण्यांना चालावं लागतं, पण त्यांना कळत नाही की जवळ पाणी होतं. हद्दूने परवा रस्त्यात मला हात दिला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी तो सोडायलाच विसरलो.

तू काइदला काय लिहिलंस ते मी नीट ऐकलं. माझ्या मसुद्यातलं वाक्य त्यात नव्हतं. पण माझं नावही नव्हतं. इम्मा म्हणते, ईदला ये. मीही म्हणतो. मुलं विचारतात, तुदा आत्या कधी येणार.

तुझा दद्दा


बेनी मेल्लाल, २६ ऑगस्ट १९९७

दद्दा,

पत्र मिळालं.

तू ऐकलंस ते नीट ऐकलंस, तरी लिहिते, म्हणजे घरात दोन प्रकारे सांगितलं जाणार नाही. मी काइदला लिहिलं: "मोजणी अचूक आहे. हद्द चुकीची आहे. हद्द ठरवताना गावातल्या दोन माणसांची, एकमेकांपासून वेगळी, साक्ष घ्यावी असा नियम आहे. मी एकाचीच घेतली. हा दोष माझा आहे." त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी ते पाठवण्याआधी तीनदा तपासलं. हद्दूकडे जाऊन विचारायला मला अर्धा तास लागला असता. तो खडकावरच बसलेला असतो.

आमच्या कचेरीत तो नियम पहिल्या आठवड्यात शिकवतात. काइदने पत्राची नक्कल इकडे पाठवली, ती पाठवणारच होता. साहेबांनी बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. मला फिरतीवरून काढून नकला काढायच्या खोलीत बसवलं आहे, खिडकीपाशी, जुने नकाशे नव्या कागदावर उतरवायला. सनदेचा अर्ज दोन वर्षांनी करता येईल. माझ्या जागी फिरतीवर एक मुलगा घेतला आहे. तो हुशार आहे. माझी पेटी त्याला समजावून दिली.

इम्माच्या नऊ मेंढ्यांची नावं मला कळव. कोणत्या गेल्या ते समजून घ्यायचं आहे.

ईदला येणार नाही. कारण विचारलं तर सांग, कामं आहेत. मुलांनाही तेच सांग. तू हसलास ते लिहिलंस, हे ठीक केलंस. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

साहेबांनी त्या दिवशी एकच प्रश्न विचारला होता. तक्ता समोर ठेवून, बोटाने बाविसाच्या बावीस ओळी दाखवून त्यांनी विचारलं, "तू एवढी काटेकोर. दुसरा साक्षीदार का घेतला नाहीस?"

मी म्हटलं, "पहिला माझा भाऊ होता."

उत्तर नोंदवायला त्यांनी पेन उचललं होतं. ते परत खाली ठेवलं.

तुदा